सुखाचं माप

राजा थिओक्लिसला सुखाचं माप हवं होतं, आणि तेही आठ दिवसांत!

आता म्हणाल, हे खूळ आलं कुठून? तर ग्रीकांच्या मुलुखात केलिना नावाचं बेट होतं, तिथला हा राजा. बेटावरचे व्यापारी भारी चलाख. तेलाचं माप तळाशी चेपायचे, धान्याचं आतून लिंपायचे. राजाने एक दिवस भर बाजारात दगडाचीच मापं कोरून बसवली. दगडाला कोण चेपणार? लबाडी बंद झाली, लोक खूश झाले. दरबाऱ्यांनी तर राजाला असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, की त्याला वाटलं, आता मोजायचं उरलंय ते फक्त माणसाचं सुख. किती खावं, किती झोपावं, किती हसावं, सगळं शिळेवर कोरायचं आणि नगराने तसंच जगायचं. कमीजास्त केलं तर दंड.

हे माप सांगायचं काम आलं क्रातॉनच्या गळ्यात. क्रातॉन म्हणजे बाजारातल्या ओसरीत बसून माणसाने कसं जगावं यावर दिवसभर बोलणारा म्हातारा. तो म्हणाला, सुख फार नको, फार थोडंही नको. मधलं असावं, आणि मधलं म्हणजे ज्याला जेवढं झेपेल तेवढं. झालं! राजाने डोक्यात राख घातली. झेपेल तेवढं हे काय माप झालं? त्याने बजावलं, की आठव्या दिवशीच्या मेजवानीत नीट आकडा सांगायचा, नाहीतर खाणीत दगड फोडायला जायचं. त्या खाणीत धडधाकट माणूस वर्षभर टिकत नसे, आणि क्रातॉनची सत्तरी उलटलेली.

त्याची मुलगी मिर्टो राजवाड्यात मद्य वाढायच्या कामावर होती. बापाची शिक्षा तिच्या कानावर आली. आई लहानपणीच गेलेली, बाबांशिवाय तिला होतं कोण? सात दिवस बाप आकडे शोधत बसला आणि लेक त्याच्याकडे बघून झुरत राहिली. आठव्या दिवशी तिने डोळे पुसले, बाबांना म्हणाली, तुम्ही आज तोंड उघडू नका, आणि कामाला गेली.

तिथली एक रीत होती. निव्वळ मद्य पिणं म्हणजे रानटीपणा. मोठ्या घंगाळात मद्य ओतायचं, त्यात पाणी मिसळायचं, आणि पाणी किती हे मेजवानी देणाऱ्या यजमानाने त्या त्या दिवशी ठरवायचं. पाहुणे जमले. कोपऱ्यात शिळा घेऊन पाथरवट बसला होता. आधी कोळशाने अक्षरं मांडायची आणि मग छिन्नी चालवायची, असा त्याचा बेत. राजाने क्रातॉनकडे बोट केलं, तोच मिर्टो पुढे आली.

"महाराज, माप बाबांच्या वतीने मी सांगते. आधी तेवढे प्याले भरू द्या. आज पाणी किती?"

"एकास तीन," राजा म्हणाला.

"पाथरवटकाका, मांडा. एकास तीन, सगळ्यांना."

राजाला गंमत वाटली. मांडू दे, म्हणाला. मिर्टोने पहिला प्याला पाहुण्यांतल्या पैलवानापुढे धरला, तसा राजा ओरडला, की अगं, त्याची उद्या कुस्ती आहे, त्याला नुसतं पाणी दे. मिर्टोने पाथरवटाला तेही मांडायला लावलं. आणि जिंकला तर? तर परवा निम्मंनिम्मं, राजा बोलून गेला. तेही मांडलं. म्हातारा पुजारी खोकत होता. राजाने त्याला घोटभर आणि तेही कोमट द्यायला सांगितलं. उत्तरेकडून आलेल्या राजदूताला पाणी घातलं की राग येतो, म्हणून त्याला निव्वळ. आणि महाराजांना स्वतःला? आज डोकं दुखत होतं, म्हणून पाणी जरा कमी. पण उद्या दरबार आहे, म्हणून फार कमीही नको. पाथरवट घामाघूम झाला. अक्षरं बारीक होत होत कडेला टेकली, त्याने शिळा उलटी केली, ती बाजूही भरली.

"महाराज," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "दगड संपला!"

"हा काय चावटपणा आहे?" राजा मिर्टोवर कडाडला. "आणि दगडाला काय तोटा? माझी अख्खी खाण पडलीय!"

मिर्टोने भरलेल्या शिळेकडे बोट केलं. "आहे ना, महाराज. पण चार जणांच्या एका संध्याकाळच्या पिण्यात एक शिळा संपली. नगरात सात हजार माणसं आहेत आणि ती रोज जगतात. तेवढा दगड काढायचा तर एकट्या बाबांना खाणीत धाडून भागायचं नाही, सगळं नगर धाडावं लागेल. मग कोरलेलं वाचायला वर राहणार कोण?"

क्रातॉनने डोळे मिटून घेतले. राजाने शिळेकडे पाहिलं, पैलवानाच्या पाण्याकडे पाहिलं, आणि तो असा हसत सुटला की दाढीवरून मद्य ओघळलं.

हसू आवरल्यावर त्याने खरंच विचारलं, "पण पोरी, कुणाला किती झेपतं हे कळायचं कसं?"

"ओतता ओतता हात बसतो, महाराज. पहिल्या वर्षी मी निम्मा दरबार आडवा केला होता."

राजाने क्रातॉनची शिक्षा तिथेच रद्द केली. बापलेकीला टेकडीवरचा द्राक्षमळा दिला, आणि वर यजमानाचा मानही मिर्टोच्या हाती सोपवला. या वाड्यात कुणाला किती, हे यापुढे तीच ठरवणार! मग त्याने आपला रिकामा प्याला तिच्यापुढे धरला.

मिर्टोने त्याच्या लाल डोळ्यांकडे एकदा पाहिलं आणि प्याला काढून घेतला.

"महाराज, आता तुमचं पुरे."

राजा आणखीच मोठ्याने हसला, आणि मुकाट्याने झोपायला गेला.