अर्धं विणलेलं घरटं

फार मागची गोष्ट. एका विहिरीच्या अल्याड-पल्याड दोन बाभळी होत्या, आणि दोन्हींवर सुगरण पक्ष्यांची वस्ती. घरटं नराने विणायचं आणि मादीने पारखायचं, ही त्यांची रीत. अल्याडच्या साळू नावाच्या मादीच्या नराचं घरटं अर्धं झालं होतं आणि तिचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते.

एके सकाळी दोन वस्त्यांतले नर एका हिरव्या पात्यावरून भांडले. ओढाताणीत पातं काट्यावर अडकलं. पल्याडच्यांनी लढायला चिंचेवरचे सोयरे बोलावले, अल्याडच्यांनी उसातले.

"अहो, पातंच ते, सोन्याची तार नव्हे," साळू म्हणाली. "आधी घर पुरं करा."

"सोयऱ्यांना शब्द दिलाय. सांजेपर्यंत येतोच," म्हणत तो उडाला.

आठ दिवसांनी परतले ते चार म्हातारे. त्यांत तो नव्हता.

मग साळूनेच चोचीत गवत धरलं. गाठ सुटायची, ती पुन्हा घालायची. पल्याडहून एक एकटी मादी बघत होती. ती म्हणाली, "बाई, पातं आधी उभं चीर. मीही कालच शिकले."

पुढे पिल्लाने विचारलं, "आई, जिंकलं कोण?"

साळूने काट्यावरचं ते पातं दाखवलं. ते त्याच दुपारी वाळलं होतं, आणि वाळलेलं पातं कुणालाच विणता येत नाही.