रांग मोडणारा पहारेकरी

एका व्हिडिओ गेममध्ये एक गाव होतं. गाव पहिल्याच पातळीवरचं, म्हणून कुणाच्या लक्षातही न राहणारं. गावाच्या फाटकावर पाच पहारेकरी होते. हातात लाकडी भाले, डोक्याला पत्र्याचे टोप, आणि जीव एवढासा की तलवारीच्या एका घावात खलास.

रोज सकाळी एक वीर यायचा. पहारेकऱ्यांना मारायचा, गावात शिरायचा आणि औषधाची कुपी मिळते का बघायला कुंभारणीची सगळी मडकी फोडायचा. दुसऱ्या दिवशी पहारेकरी पुन्हा जिवंत होत. मडकी मात्र आपोआप होत नसत. ती कुंभारणीला नव्याने घडवावी लागत.

पहारेकऱ्यांची एक रीत होती. वीरावर एकेकट्यानेच धावून जायचं, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. रांगेत शेवटचा म्हातारा जमादार. त्याची पाळी येईपर्यंत वीर फाटक ओलांडून गेलेला असायचा. त्यामुळे जमादाराच्या चिलखतावर एक ओरखडा नव्हता आणि तोंडात अनुभवाच्या गोष्टी मात्र भरपूर.

एकदा सगळ्यात तरुण पहारेकऱ्याने विचारलं, "जमादार, आपण सगळे एकदम का लढत नाही?"

"एकावर पाच? शोभतं का ते? आमच्या वेळी असले प्रश्न नव्हते बाबा!"

"तुमच्या वेळी जिंकलं कोण होतं?"

जमादार खोकला. मग म्हणाला, "फार जीभ चालते तुझी. उद्या रांगेत पहिला तू."

सकाळी वीर आला. जमादार मागून ओरडला, "हं, धाव!"

तरुण जागचा हलला नाही. फाटकाच्या चिंचोळ्या तोंडात त्याने पाय रोवले, भाला पुढे धरला आणि म्हणाला, "मी एकटा जाणार नाही. या, खांद्याला खांदा लावा."

तिघांनी जमादाराकडे पाहिलं.

"रांग मोडाल तर याद राखा!" जमादार गरजला.

तेवढ्यात मागून कुंभारीण कडाडली, "अहो जमादार, रोज माझी मडकी फुटतात आणि तुमची रांग तेवढी शाबूत राहते! चाटायचीय का ती रांग?"

एक पहारेकरी पुढे सरकला. मग दुसरा, मग तिसरा. फाटकात चार भाले एका ओळीत उभे राहिले.

वीर सवयीने धावत आला. एकाला मारायला तलवार उचलली आणि चार टोकं एकदम छातीत रुतली. तो मागे हटला, पुन्हा आला. उडी मारून बघितली, तिथेही भाले होतेच. तिसऱ्या वेळी मात्र आडवा झाला तो उठलाच नाही. गावाने असा जल्लोष केला की फाटकाच्या बिजागऱ्या खुळखुळल्या.

जमादार छाती काढून पुढे आला. "मी म्हणतच होतो, एकी हवी!"

तरुण हसला. "बरं झालं. उद्या वीर परत येईल. पाचवा भाला तुमचा. मागे नाही, माझ्या शेजारी."

जमादाराला परत खोकला आला. पण सकाळी तो आला. आणि त्या दिवशी त्याच्या चिलखतावर पहिला ओरखडा उमटला.

फाटकामागे कुंभारणीने कालच्याच मडक्यातलं गार पाणी पाचही जणांना पाजलं. कालचं मडकं आज शाबूत आहे, असं त्या गावात आधी कधी घडलं नव्हतं.

तात्पर्य: थोरांनी सांगितलं म्हणून रांगेत मरायला उभे राहू नका. सांगणारा स्वतः रांगेत कितवा आहे, ते आधी बघा.