पाय लागला तर हात वर

"पण उस्ताद, त्या गोलबद्दल तुम्ही आजवर एक अक्षरही का बोलला नाहीत?"

उस्तादांनी मान वर केली नाही. मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखाली बाजेवर बसून ते एका जुन्या हॉकी स्टिकच्या मुठीला कापडी पट्टी गुंडाळत होते.

मुकुंद गोतमारे समोर उभा होता. हिंदमित्र हॉकी क्लबचा तो अध्यक्ष. क्लबचा अमृतमहोत्सव तोंडावर आला होता, स्मरणिका छापायला जायची होती आणि तिच्यातला क्लबचा इतिहास मुकुंदने स्वतःच लिहिला होता. आपल्याच लग्नात आपणच मंगलाष्टकं म्हणावीत, तसा.

त्या इतिहासात सगळं होतं. फक्त उस्तादांची शाबासकी नव्हती.

मुकुंदच्या पिढीला हॉकी शिकवणारे उस्ताद शाबासकीच्या बाबतीत महाकंजूस. ज्याला एकदा मिळाली, तो म्हातारपणीही तारीख-वार सांगायचा. मुकुंदला ती कधीच मिळाली नाही. शील्ड मिळाली, नोकरी मिळाली, गावात मान मिळाला, पण तो एक शब्द नाही. आज तो त्यासाठीच आला होता. स्मरणिका हे निमित्त.

"थोडं वाचून दाखवू?"

"वाच."

"'पलटणीतल्या जवानांनी टाकून दिलेल्या मोडक्या स्टिका तारेने बांधून आमच्या वडीलधाऱ्यांनी छावणीत या क्लबाची मुहूर्तमेढ रोवली...'"

"शिट्टी नव्हती आपल्यापाशी," उस्ताद मध्येच म्हणाले. "थे लिहिलं काय?"

मुकुंदने ते लिहिलं नव्हतं.

छावणीतल्या जुन्या माणसांना मात्र ते ठाऊक होतं. शिट्टी नाही, पंच नाही, मग फाउल ठरवणार कोण? म्हणून रिवाज पडला. हॉकीत चेंडूला पाय लागलेला चालत नाही, तेव्हा ज्याच्या पायाला लागला त्याने आपणच हात वर करायचा आणि चेंडू सोडून द्यायचा. त्याने नाही केला, तर त्याच्याच संघातल्या ज्याने पाहिलं त्याने करायचा. पुढे शिट्ट्या आल्या, पंच आले, तरी हिंदमित्रची पोरं हात वर करतच राहिली. बाहेरगावचे संघ हसायचे. हसता हसता हरायचेही.

"आता कोण पाळतं ते, उस्ताद?"

"कवापासून नाही पाळत?"

...

मुकुंदने पान उलटलं. आवाज जरा चढवला.

"'अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी गोतमारे यांनी गोलसमोर चेंडू अडवला आणि असा फटका मारला की गोलरक्षक पाहतच राहिला. हिंदमित्रच्या घरी पहिली आणि एकमेव शील्ड आली...'"

गावात अर्ध्या लोकांना हा गोल तोंडपाठ होता. जे त्या दिवशी मैदानात नव्हते त्यांना जरा जास्तच. मुकुंदने खेळाडूंची नावंही वाचली आणि तो थांबला.

"लेफ्ट हाफले कोन होता?" उस्तादांनी विचारलं.

"आठवत नाही."

"दहाच नावं वाचली तू. अकरावा कोन?"

"राहिलं असेल एखादं नजरचुकीनं."

खोटं बोलण्यात मुकुंद हुशार होता, पण हे त्यालाही जमलं नाही. लेफ्ट हाफ केवलराम उईके होता. त्या गोलनंतर सगळं मैदान नाचत असताना केवल एकटा जागेवर उभा होता. हात वर करून. पंचाला त्याचा अर्थ कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता. गोल दिला गेला.

परतीच्या ट्रकमध्ये केवलशेजारी कुणी बसलं नाही. मिरवणुकीत त्याच्या अंगावर गुलालाची चिमूटही पडली नाही. आठवड्याच्या आत क्लबची बैठक झाली आणि घरभेद्याला काढून टाका, असा ठराव मुकुंदनेच मांडला. सगळ्यांनी मान डोलावली. केवल कोळशाच्या खाणीत कामाला गेला, तो पुन्हा मैदानावर दिसला नाही. आणि उस्तादांनी क्लबात शिकवणं सोडलं. का, ते त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायची हिंमत कुणाची होती?

"मागच्या हिवाळ्यात गेला थो," उस्ताद म्हणाले. "मातीले तुमच्यापैकी कोनी नव्हतं."

"मला कळलंच नाही, उस्ताद."

"हं."

पट्टीचं शेवटचं टोक दाबून त्यांनी स्टिक मुकुंदच्या हातात दिली.

"धर. तोल पाह्य बरं."

"जुनी दिसते. कुणाची?"

"केवलची. बायको आनून देऊन गेली त्याची."

मुकुंदला ती टाकून द्यावीशी वाटली. टाकता येईना. एवढ्यात उस्ताद उठले, बाजेखालची आपली स्टिक काढली आणि तिथलाच चेंडू न सांगता न विचारता मुकुंदकडे ढकलला.

मुकुंद वाकला. पूर्वी नसलेलं पोट आडवं आलं. स्टिक खाली टेकायला क्षणभर उशीर झाला, चेंडू बुटाच्या टोकाला लागून उसळला आणि मग स्टिकखाली आला. त्याने तो झटकन दाबून धरला.

"अडवला, उस्ताद! सवय अजून गेली नाही."

तो हसत होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, एवढं बारीक कुठलं दिसणार त्याला?

उस्तादांनी स्टिक बाजेला टेकवून ठेवली. मग उजवा हात हळूहळू वर केला. खांद्यापर्यंत. कानापर्यंत. सरळ आभाळाकडे.

...

मुकुंदचं हसू विझलं.

"हे काय, उस्ताद?"

हात वरच.

"खाली घ्या ना. लोक बघतील."

मैदानात काळं कुत्रंही नव्हतं. तरी उस्तादांचा हात खाली येत नव्हता. मुकुंदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आधी राग आला, मग लाज, मग पुन्हा राग.

"तुम्ही कशाला हात वर करता? पाय तर माझा लागला!"

शब्द तोंडातून गेले आणि त्याचे त्यालाच ऐकू आले. समोरच गोलचे गंजलेले खांब उभे होते. स्मरणिकेचे कागद काखेतून निसटून मुरमावर पसरले. ते उचलायला तो वाकला नाही. केवलच्या स्टिकची ताजी पट्टी त्याच्या तळव्याला चिकटली होती.

उस्तादांनी हात खाली घेतला. दुखरा दंड चोळत ते बाजेवर बसले.

...

"उस्ताद..." मुकुंद म्हणाला. "काहीतरी बोला."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, नीट.

"शाबास."