तहान न लागणारा बाबा आणि कैतान नावाडी

फार फार वर्षांपूर्वी, करंजाळ बेटाला पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. चारी बाजूंनी खाडी, आणि ती ओलांडायला एकच होडी, कैतान नावाड्याची. हा कैतान कोणाचंही बोलणं तसंच गिळायचा नाही. असं म्हणतात, लग्नाला उभा राहिल्यावर त्याने पाद्रींनाच विचारलं होतं, "फादर, पोरगी हीच ना? नीट बघून घ्या."

बेटावर पाद्री यायचे ते सणापुरते. एरवी टेकडीवरचा दगडी क्रूस, तेच बेटाचं देऊळ. एका उन्हाळ्यात कैतानच्याच होडीतून एक परका माणूस आला. छातीपर्यंत दाढी, अंगात गोणपाटाची कफनी. त्याने क्रुसाशेजारी झोपडी घातली आणि गावाला सांगितलं, "देवाला कशाचीच गरज नाही. मी देवाचा झालो, म्हणून मलाही नाही. ना अन्न, ना पाणी."

गाव दिपून गेलं. त्याला तपसीबाबा म्हणू लागलं. आणि ज्याला काहीच लागत नाही त्याच्या दारात नारळ, केळ्यांचे घड, सुक्या बोंबलांच्या जुड्या यांचा ढीग लागला. तो ढीग जायचा कुठे, हे विचारणं पाप ठरलं. कैतानने विचारलं नाही. पण बाबा पलीकडच्या जत्रेत दर्शन द्यायला निघाले, तेव्हा होडी पहिल्यापेक्षा चार बोटं जास्त बुडाली. वल्ही हातात तशीच धरून कैतान म्हणाला, "बाबांना हवा चांगली मानवली."

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण बाबांनी पुढे सांगितलं की, जे खरे विश्वासू आहेत त्यांनाही तहान सोसता आली पाहिजे. बेटावरच्या बायका कडक उपास करू लागल्या, भर उन्हाळ्यात, पाण्यावाचून. त्यात कैतानची बायको सिसिलही होती, आणि तिच्या अंगात ताप होता.

"घोटभर घे," कैतान म्हणाला.

"बाबा घेतात का? मी घेतलं तर माझा विश्वास कच्चा."

"अगं, देव माणूस होऊन आला तेव्हा क्रुसावर त्यालाही तहान लागली. तोंडाने तसं सांगितलं त्याने. आणि ह्याला लागत नाही?"

"तुला सगळ्यांचाच संशय."

"देवाचा नाही," कैतान म्हणाला. "बाकी सगळ्यांचा."

सिसिलने भिंतीकडे तोंड केलं. तिचे ओठ फुटले होते. कैतान उठला, टेकडीवर गेला आणि बाबांना म्हणाला, "बायको आजारी आहे. येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवा. होडीने वळसा घालून गेलं की माझं घर जवळ."

बाबा ऐटीत होडीत बसले. आणि खाडीच्या मधोमध ओहोटीने होडी गाळात बसली. कैतानने ती मुद्दाम घातली, असं काही जण म्हणतात. बाकीचे म्हणतात, घरी बायको तापाने फणफणत असताना कोण मुद्दाम अडकेल, ते खाडीचंच काम होतं. कैतानने मरेपर्यंत सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी गावाने ते पारखूनच घेतलं असतं.

ऊन चढलं. भरतीची वेळ झाली आणि टळलीही. असं म्हणतात, आजूबाजूच्या सगळ्या खाड्या भरल्या, ही एकच भरेना. कैतान मडक्यातलं पाणी घोटभर प्यायला आणि त्याने मडकं दोघांच्या मधे ठेवलं. बाबांनी मान फिरवली. कैतानचं लक्ष मात्र किनाऱ्यावरच्या आपल्या घराकडे होतं, आणि पहिल्यांदाच त्याला स्वतःचाच संशय आला. तो पुटपुटला, "देवा, तुला माझी गरज नाही, मला तुझी आहे. हा माणूस खरा असेल तर मला इथेच बुडव. पण तिला पाणी प्यायला लाव."

सावल्या पायाशी आल्या. बाबांची जीभ टाळूला चिकटली. शेवटी ते कसेबसे म्हणाले, "पाणी."

कैतान हसला नाही. त्याने मडकं उचलून त्यांच्या ओठांना लावलं. आणि त्याच घटकेला होडीखाली पाणी चढायला लागलं, असं म्हणतात.

"आता हेच तिच्यासमोर माग," कैतान म्हणाला.

"लोक मारतील मला."

"मारणार नाहीत. लाजतील. मग तुला जेवायला घालतील."

होडी घराशी लागली तेव्हा दारात गाव जमलं होतं. सगळ्यांच्या देखत तो माणूस सिसिलच्या खाटेपाशी गेला आणि म्हणाला, "बाई, मला तहान लागलीय. रोजच लागायची. पाणी देतेस?"

सिसिल त्याच्याकडे बघत राहिली. मग भिंतीला धरून उठली, तांब्या भरला, त्याला दिला आणि उरलेलं पाणी स्वतः प्यायली. असं म्हणतात, त्याच तांब्यातून दारातल्या सगळ्या उपाशी बायका प्यायल्या, तरी पाणी सरेना. कैतानने तांब्यात डोकावून बघितलं. तळ दिसेना, तेव्हा त्याने टोपी काढली.

सिसिल बरी झाली. तो माणूस गावच्या विहिरीवर पाणी शेंदायला राहिला, आणि कैतान त्याला रोज विचारायचा, "जेवलास का?"

आता करंजाळला पूल आहे. तरी दर उन्हाळ्यात त्या दिवसाच्या आठवणीने होणाऱ्या कैतानच्या सणाला गाव टेकडीवर रिकाम्या हातांनी जातं. क्रुसापुढे कोणी काही ठेवत नाही, देवाला लागत नाही म्हणून. तिथे नुसतं मागायचं. मग घरी विहीर असली तरी प्रत्येकाने शेजाऱ्याच्या दारात जाऊन पाणी मागायचं, फादरनीही. आणि एरवीही कोणी पाहुणा, कोणी पुढारी पांढरे कपडे घालून आला आणि हात जोडून म्हणाला, "मला तुमच्याकडून काहीच नको," की करंजाळच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघतात आणि हळूच विचारतात, आज ओहोटी कधी आहे.