शेकोटी राखणारे

एका कासारणीच्या डोक्यात एक गाव वसले होते. कासारीण बायकांना बांगड्या भरायची आणि तिच्या हाताला निरोप या गावातून जायचे. गावातले हलगीवाले हलगी वाजवत. एकाचा ठेका दुसरा उचलायचा, आणि तिकडे हात हलायचा.

हलगीचे कातडे सैल पडले की आवाज बसतो. म्हणून प्रत्येक हलगीवाल्यामागे एक शेकणारा असे. तो शेकोटी राखायचा, हलगी शेकून द्यायचा, राख झाडायचा. त्याचे नाव मात्र कुणी घेत नसे.

पुढे कासारणीचा हात थरथरू लागला. एकदा चुडा भरताना बांगडी फुटली आणि नवरीच्या हाताला काच लागली.

"मावशी, राहू द्या आता," नवरीची आई म्हणाली. कासारीण टोपली झाकून घरी बसली.

डोक्यातल्या गावाचा कारभारी हलगीवाल्यांवर खेकसला, "हात आहेत की लाकडं?"

एका म्हाताऱ्या हलगीवाल्याने आपली हलगी पुढे केली. कातडे करपले होते. "वाजवू कशावर, कारभारी?"

"म्हणजे शेकणाऱ्यांनी घात केला! हाकला सगळ्यांना. विझवा शेकोट्या!"

"मग उरलेल्या हलग्याही बसतील. आधी त्यांना विचारू तरी."

म्हातारा शेकणाऱ्यांकडे गेला. तिथे जाळ माणसाच्या उंचीचा झाला होता.

"बाबांनो, एवढा जाळ कशाला?"

एक शेकणारा चाचरत म्हणाला, "मागं कासारणीला ताप आला, तेव्हा तापाचे चोर गावात शिरले होते. जाळ वाढवा म्हणून तुम्हीच ओरडलात. त्या जाळानंच ते पळाले."

"अरे, त्याला किती वर्षं झाली!"

"चोर गेले, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, दादा. आम्ही अजून जागेच आहोत."

म्हातारा खाली बसला. "चुकलं आमचं," म्हणत त्याने स्वतःच एक लाकूड बाहेर ओढले. मग शेकणाऱ्यांनीही लाकडे ओढली. जाळ उतरला, निखारे राहिले.

करपलेल्या हलग्या काही पुन्हा वाजल्या नाहीत. पण उरलेल्या नीट शेकल्या गेल्या. कासारणीच्या हाताची थरथर थोडी राहिलीच, तरी संक्रांतीला तिने शेजारच्या चिमुरडीला सावकाश चार बांगड्या भरल्या. एकही फुटली नाही.

आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असे शेकणारे असतात. डॉक्टर त्यांना ग्लिया पेशी म्हणतात; निरोप नेणाऱ्या मज्जापेशींची, म्हणजे हलगीवाल्यांची, त्या निगा राखतात. त्या बिथरल्या की मेंदूचे काही आजार बळावतात. त्यांना न मारता शांत कसे करावे, याचा शोध अजून चालू आहे.

तात्पर्य: राखणारा बिथरला म्हणून त्याला हाकलू नये; संकट टळले आहे, हे त्याच्याजवळ जाऊन सांगावे.