बांगडीच्या तेलाची समई

कर्ज फिटेपर्यंत कर्जदाराने दरबारात तोंड उघडायचं नाही, असा वेणुपूरचा कायदा होता. आता आली का पंचाईत! बायजा कासारणीवर फिर्याद होती ती मुळी कर्जाचीच. तिच्या वडिलांनी घेतलेली रक्कम केव्हाच फिटली होती, पण गोंदुशेट सावकाराचं व्याज काही संपत नव्हतं. ऐन संक्रांतीच्या तोंडावर त्याने तिच्या बांगड्यांच्या दुकानाला कुलूप ठोकलं आणि आता तो दुकानच मागत होता.

राजा धारेराव हट्टी, पण मनाचा वाईट नव्हता. "पोरी, कायदा मोडणार नाही, थोडा वाकवतो," तो म्हणाला. "एकच वाक्य बोल आणि त्यात स्वतःला सोडवून दाखव."

बायजाने नुसती मान डोलावली.

दरबाराचं दालन बिनखिडक्यांचं. फिर्याद करणाऱ्याने समईत तेल घालायचं, हीच तिथली फी. समई विझेपर्यंत त्याचं म्हणणं ऐकलं जाई, तोवर काहीच मांडलं नाही तर फिर्याद कायमची बाद. आणि तेलच नसेल तर? सुनावणी पुढच्या महिन्यात, कुलूप तसंच! गोंदुशेट एक नंबरचा कंजूष. तेल दरबारच घालेल अशा हिशेबाने तो हात हलवत आला होता.

राजाने तेल द्यायला साफ नकार दिला आणि तो सुनावणी पुढे ढकलायला निघाला. म्हणजे बायजाची संक्रांत हातची जाणार! मग तिचा हात कमरेच्या बुधलीकडे गेला. बायकांना बांगड्या चढवताना लावायचं तेल तिच्यात होतं.

"शेटजी, हे माझं तेल उसनं घ्या आणि मागाहून फेडा."

दरबारी हळहळले. एकुलतं एक वाक्य पोरीने सावकाराच्या कामी घालवलं!

गोंदुशेटची कळी खुलली. "घेतलं उसनं! सगळा दरबार साक्षीला आहे." बुधली समईत रिकामी झाली, वात पेटली. त्याने घसा खाकरला. "तर महाराज..."

बायजाने ओठांवर बोट ठेवलं.

राजाने ते पाहिलं आणि हसू दाबताना त्याच्या मिशा थरथरू लागल्या. "गोंदुशेट, तोंड मिटा. आता कर्जदार तुम्ही!"

गोंदुशेट उसनं फेडायला तेल आणायला घराकडे धावला. पण बांगड्यांपुरतं तेल ते, किती पुरणार? तो धापा टाकत परतला तेव्हा दालनात काळोख होता आणि काळोखात राजा पोट धरून हसत होता. फिर्याद बाद झाली. राजाने दुकानाची किल्ली बायजाला देवविली, वर राण्यांच्या संक्रांतीच्या बांगड्यांचं कामही दिलं.

"आणि पोरी," डोळे पुसत त्याने विचारलं, "तुझ्या त्या उसन्या तेलाचं काय?"

आता बायजाला बोलायची मोकळीक होती. गोंदुशेटच्या हातातलं भरलेलं भांडं तिने अलगद काढून घेतलं.

"मुद्दल मिळालं, महाराज. व्याज सोडलं!"