पिसाचं चिलट आणि दोन म्हातारे

डोंगराच्या पायथ्याशी जिथे थंड झरे फुटतात, तिथल्या एका गावात तुळाजी नावाचा म्हातारा राहायचा. झऱ्यांचं पाणी मिळून एक ओढा झाला होता. पाणी इतकं नितळ, की तळचा खडान्‌खडा दिसावा. त्यात ट्राउट नावाचे ठिपक्यांचे मासे असायचे. भारी शहाणे मासे. गांडूळ दिसलं की पळायचे. पाण्यावर बारीक चिलटं उतरली, की तेवढी वर येऊन टिपायचे.

म्हणून गावची माणसं पिसाचं चिलट करायची. मोहरीएवढा गळ घ्यायचा, त्यावर पिसाचे दोन तंतू गुंडाळायचे, घोड्याच्या शेपटीच्या केसाला बांधून पाण्यावर अलगद सोडायचं. गावाची एक रीत होती. आपलं चिलट परक्याला दाखवायचं नाही. बाप मुलाला दाखवी, नवरा बायकोला दाखवी, बस्स. एरवी ते पागोट्याच्या घडीत.

तुळाजीची नजर अधू झाली होती. गळाच्या नेढ्यात केस त्याची बायको साळू ओवून द्यायची. आता साळूच तापाने अंथरुणाला खिळली होती. अन्नावरची वासनाच उडाली. पेज पुढे केली की तोंड फिरवायची. वैद्य म्हणाला, "पोटात काही गेलं नाही, तर अवघड आहे."

त्या सकाळी ती पुटपुटली, "माशाचं पाणी दिलंत, तर घेईन घोटभर."

म्हातारा निघाला. जागरणाने शिणलेले पाय ओढत ओढ्यावर पोचला आणि केस ओवू लागला. केस नेढ्याच्या अलीकडून जाई, पलीकडून जाई, आत काही जाईना. शेवटी वैतागून त्याने मोठा गळ काढला, त्याला कोंबड्याचं पीस बांधलं आणि टाकला. एकूण एक मासे दगडाखाली पळाले.

समोरच्या काठावर गोंदबा काठी धरून बसला होता. दोघांचं जन्मात पटलं नव्हतं.

"काय तुळ्या, कोंबडा पोहायला सोडलास का?"

"तू तुझं बघ, गोंद्या. तुझ्या टोपलीत तरी काय आहे?"

"माझं माझ्यापाशी."

ऊन कललं. चिलटं उतरली, मासे वर येऊन टिपू लागले. हा खेळ थोडाच वेळ चालतो, मग पाणी गप्प होतं. तुळाजी खाली बसला तो त्याला उठवेना. रीत मोडावी तर बापाचं नाव जातं, न मोडावी तर साळू जाते. अखेर तो गुडघ्यावर हात टेकून उठला. वळसा घालून पलीकडे गेला आणि आपलं चिलट तळहातावर ठेवून पुढे केलं.

"गोंदबा, एवढं ओवून दे. साळू जेवत नाही."

गोंदबाने ते चिलट अगदी डोळ्यांशी नेलं. बोटांनी चाचपलं. मग आपल्या पागोट्यातलं चिलट काढून त्याने शेजारी ठेवलं. तेच राखी पीस, तेच दोन वेढे. कोणतं कुणाचं, कळेना.

"म्हणजे जन्मभर आपण हे लपवत बसलो?" तुळाजी म्हणाला.

"पुढचं ऐक. मलाही दिसत नाही रे. सकाळपासून नुसती काठी धरून बसलोय. तू बघतोयस म्हणून."

दोघांना हसू आलं, पण हसायलाही त्राण नव्हतं.

मग गोंदबाने गळ नखांत घट्ट धरला आणि नेढ्यामागे आपलं बोट लावलं. तुळाजी केस चाचपत राहिला. चुकला. पुन्हा चुकला.

"थांब! टोचला माझ्या बोटाला. आला बघ आत!"

एकच चिलट बांधून झालं. तुळाजीने ते पाण्यावर सोडलं आणि मासा लागला.

"ओढू नकोस," गोंदबा कुजबुजला. "पळू दे त्याला. एका केसावर आहे तो."

मासा दमला, तेव्हाच काठाला आला. गोंदबाने तो पानात गुंडाळून दिला. "जा आता. वहिनीला गरम गरम दे."

साळूने आधी एक घोट घेतला. मग आणखी एक. वाटी संपल्यावर तिने विचारलं, "ओवलं कुणी?"

"गोंदबाने आणि मी मिळून."

"चिलट दाखवलंत त्याला?"

"दाखवलं."

साळूने वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "एक वाटी त्यालाही नेऊन द्या. बायको गेल्यापासून त्याच्या घरी ओवून देणारं कोण आहे?"

तात्पर्य: आपलं अडलेलं दुसऱ्यापासून झाकू नये, पुष्कळदा त्याचंही तिथेच अडलेलं असतं.